रेस सोडली की सायलेन्सर फटफटतो: आधी हवेची वाट शोधा, स्क्रू नंतर

कसारा घाट उतरताना मोटारसायकलची तिसऱ्या गिअरमध्ये रेस सोडली आणि मागून फट्-फट् सुरू झालं, की गाडी कडेला घेऊन हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बुरेटरच्या स्क्रूला हात घालणारे पुष्कळ. आवाज थोडा कमी होतोही. पण मग नाशिकच्या द्वारका चौकाच्या सिग्नलला गाडी बंद पडायला लागते, ॲव्हरेज घसरतं, आणि स्क्रू मुळात किती फेऱ्यांवर होता हे कुणालाच आठवत नाही. खरा दोष बऱ्याचदा कार्बुरेटरमध्ये नसतोच. धूर सायलेन्सरकडे नेणारा बेंड पाइप इंजिनच्या हेडला (वरच्या भागाला) जिथे बसतो तिथलं दबलेलं पॅकिंग, नाहीतर एखादी चिरलेली नळी, एवढंच कारण निघतं. म्हणून या लेखातला क्रम पाळा. स्क्रू सर्वांत शेवटी नसला, तरी पहिला नक्कीच नाही.

फटाका वाजायला तीन गोष्टी लागतात: न जळलेलं पेट्रोल, ताजी हवा आणि तापलेला पाइप. पाइप तापलेला असतोच. पेट्रोल कुठून येतं ते पाहू. रेस सोडली तरी मागचं चाक इंजिनला फिरवत राहतं. थ्रॉटल बंद असल्यामुळे सिलिंडरमध्ये नवं मिश्रण अगदी थोडं शिरतं आणि आधीचा जळका वायू त्यात जास्त प्रमाणात मिसळतो. असं पातळ मिश्रण काही फेऱ्यांत पेटत नाही आणि तसंच कच्चं बाहेर पडतं. कार्बुरेटरच्या प्रत्येक गाडीत हे कमीजास्त प्रमाणात होतं. पण कच्च्या वायूला पाइपमध्ये ऑक्सिजन मिळाला नाही, तर तो मुकाट्याने बाहेर निघून जातो. ऑक्सिजन मिळाला की फटाका. त्यामुळे शोध घ्यायचा तो दोन गोष्टींचा: पाइपमध्ये हवा कुठून शिरते, आणि पेट्रोल नेहमीपेक्षा जास्त न जळता का सुटतं.

आवाज नीट ऐका

गाडी पाच-सहा किलोमीटर चालवून गरम करा. मग पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर, गंगापूर रोडला सोमेश्वरच्या पुढे किंवा त्र्यंबक रोडला महिरवणीच्या बाजूला, तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ५० पर्यंत जा. क्लच न दाबता रेस पूर्ण सोडा आणि वेग २५ वर येईपर्यंत ऐका. मागे कुणी नाही हे आधी बघून घ्या. जागेवर न्यूट्रलमध्ये रेस देऊन सोडल्यावर हा दोष अनेकदा दिसतच नाही, कारण तिथे चाक इंजिनला ओढत नसतं.

रेस सोडल्यावर सलग मऊ फडफड येत असेल, तर बहुधा पाइपमध्ये हवा शिरते आहे किंवा आयडलचं, म्हणजे रेस न देता इंजिन चालतं तेव्हाचं, मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) आहे. एकच मोठा ‘धाड’ आवाज, तोही खड्ड्यात गाडी आदळल्यावर किंवा हँडल वळवल्यावर येत असेल, तर चावीचा स्विच, किल स्विच किंवा एखादा सैल जोड करंट तोडतो आहे. रेस देताना, चढावर, ओझं घेऊन फटफट होत असेल तर तो वेगळाच आजार आहे. तिथे प्लग, कॉइल, पेट्रोलचा पुरवठा यांपासून सुरुवात करा. आणि आवाज सायलेन्सरमधून न येता एअर फिल्टरच्या बाजूने येत असेल, तर इनटेक व्हॉल्व्ह किंवा टायमिंगकडे बघा. या लेखातल्या तपासण्या त्याला लागू नाहीत.

कार्बुरेटरच्या गाडीवर एक स्वस्त आणि फार उपयोगी परीक्षा आहे. गाडी गरम असताना, त्याच रस्त्यावर चोक अगदी थोडा ओढा, पावपेक्षा जास्त नाही, आणि पुन्हा रेस सोडून बघा. फटफट कमी झाली तर मिश्रण पातळ आहे किंवा कुठून तरी जादा हवा येते आहे. वाढली तर मिश्रण आधीच जाड (पेट्रोल जास्त) आहे: मागून पेट्रोलचा वास, सायलेन्सरच्या तोंडाला काळी काजळी आणि पडलेलं ॲव्हरेज हे साक्षीदार तुम्हाला सापडतीलच. जाड मिश्रणानेही फटाके वाजतात, हे अनेक गॅरेजमध्ये विसरलं जातं. मग आधीच जाड असलेली गाडी ‘पातळ असेल’ म्हणून आणखी जाड केली जाते आणि प्लग काळा होऊन बसतो. परीक्षा झाली की चोक लगेच बंद करा.

बेंड पाइप आणि सायलेन्सरची गळती

तपास इथून सुरू करा, कारण सगळ्यात जास्त वेळा दोष इथेच सापडतो आणि दुरुस्तीही इथलीच सर्वांत स्वस्त.

पाइपमधून धूर बाहेर जातो, मग हवा आत कशी येईल, हा प्रश्न रास्त आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची एक लाट पाइपमधून धावते, आणि तिच्या मागे क्षणभर कमी दाब तयार होतो. रेस दिलेली असताना धुराचा जोर एवढा असतो की फटीतून तो बाहेरच फुसफुसतो. रेस सोडली की धूर अगदी थोडा उरतो, कमी दाबाचा क्षण वरचढ ठरतो आणि तीच फट बाहेरची हवा आत ओढते. हेडच्या अगदी जवळ, जिथे पाइप सगळ्यात जास्त तापलेला असतो, तिथली केसाएवढी फटही पुरते. शेपटाकडच्या मोठ्या भोकापेक्षा ती जास्त त्रास देते.

गाडी रात्रभर थंड झाल्यावर सकाळी तपासा. बॅटरीच्या उजेडात हेड आणि बेंड पाइपच्या जोडाभोवती बघा. काळी काजळी कोरड्या फटकाऱ्यासारखी पसरलेली दिसली तर वेगळा पुरावा नको. दिसली नाही तर इंजिन सुरू करा आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात, पाइप तापायच्या आत, जोडाच्या दोन-तीन इंच बाजूला हात धरा. फुंकर लागते का? मग जाड कापड ओलं करून, घडी घालून, जाड हातमोजे घालून सायलेन्सरचं तोंड दोन-तीन सेकंद दाबा. पाइप घट्ट असेल तर इंजिन गुदमरून बंद पडायला बघेल. गळती असेल तर इंजिन बिनधास्त चालत राहील आणि कुठून तरी ‘फिस्स’ ऐकू येईल. हे काम उघड्यावरच करा. बंद पार्किंगमध्ये किंवा वाड्याच्या बोळात कार्बन मोनॉक्साइड साचतो.

गळती सापडत नसेल पण संशय जात नसेल, तर इंजिन बंद आणि थंड असताना घरच्या व्हॅक्यूम क्लीनरचं ब्लोअर सायलेन्सरच्या तोंडाला कापडाने गुंडाळून लावा. भांड्यांच्या साबणाचं पाणी स्प्रेच्या बाटलीत भरून प्रत्येक जोडावर मारा: हेडचा जोड, बेंड पाइप आणि सायलेन्सरमधला क्लॅम्प, वेल्डिंगच्या कडा, इंजेक्शनच्या (कार्बुरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीत ऑक्सिजन सेन्सरची जागा. बुडबुडे फट दाखवून देतात. इगतपुरी, त्र्यंबकच्या पावसात रोज फिरणाऱ्या गाडीचा बेंड पाइप खालच्या वळणावर आतून गंजतो. बाहेरून क्रोम चकचकीत दिसला तरी तिथे साबण मारूनच बघा. सायलेन्सरच्या तळाशी एक बारीक भोक दिसेल. ते पाणी निघून जाण्यासाठी कंपनीनेच ठेवलेलं असतं. ते वेल्डिंगने बुजवलं तर सायलेन्सर आतून सडेल.

हेडच्या जोडात तांब्याचं किंवा पत्र्याचं गोल पॅकिंग असतं. ते दबून बसण्यासाठीच बनवलेलं असतं, म्हणून बेंड पाइप एकदा उतरवला की नवीनच टाका. जुनं उलटं करून बसवणं म्हणजे महिनाभराने हेच काम पुन्हा करणं. जुनं पॅकिंग हेडमध्येच चिकटून राहतं, आणि नवं त्याच्यावर चढवलं की जोड तिरका बसतो, म्हणून आत बोट फिरवून खात्री करा. नट काढण्याआधी स्टडवर (हेडमध्ये बसवलेल्या, नट चढवायच्या आटेदार सळीवर) गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये स्टड तुटला तर स्वतः ड्रिल मारू नका. अंबड किंवा सातपूरच्या लेथवाल्याकडे हेड न्या. तिथे स्टड सरळ काढून आटे नवे करून मिळतील, आणि हा खर्च वाकड्या भोकाच्या खर्चापेक्षा फार कमी आहे.

जोडताना क्रम असा: पॅकिंग बसवा, बेंड पाइपचे दोन्ही नट हाताने फिरवा, सायलेन्सरचा मागचा बोल्ट सैल ठेवूनच घाला. मग हेडचे नट आळीपाळीने, अर्धा-अर्धा आटा घट्ट करा. मागचा बोल्ट सगळ्यात शेवटी. आधी मागचा बोल्ट आवळला तर पाइप ताणलेल्या अवस्थेत बसतो आणि पॅकिंग एका बाजूने दाबलं जातं. कंपनीच्या पुस्तकात टॉर्कचा, म्हणजे नट किती जोराने आवळायचा त्याचा, आकडा असेल तर तोच घ्या. नसेल तर ६ मिलिमीटरच्या स्टडला १० न्यूटन-मीटर आणि ८ मिलिमीटरच्या स्टडला २० ते २२ न्यूटन-मीटर धरून चाला. लाल किंवा निळं सिलिकॉन हेडच्या जोडाला लावू नका. ते तिथल्या उष्णतेत टिकत नाही, आणि इंजेक्शनच्या गाडीत त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सर खराब करू शकते. सायलेन्सरच्या क्लॅम्पला लावायचं असेल तर एक्झॉस्टसाठी मिळणारी पेस्ट वापरा.

एसएआयची नळी

एअर फिल्टरच्या डब्यातून निघून इंजिनच्या हेडकडे जाणारी, पेट्रोलशी काहीच संबंध नसलेली एक काळी रबरी नळी तुमच्या गाडीत असेल. ही सेकंडरी एअर इंजेक्शनची व्यवस्था. कुणी तिला एसएआय म्हणतं, कुणी पल्स एअर. धुरातलं अर्धवट जळलेलं पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड पाइपमध्येच जाळून टाकावं, म्हणून ती मुद्दाम एक्झॉस्ट पोर्टला ताजी हवा देते. म्हणजे फटाक्याला लागणारी हवा इथे कंपनीनेच दिलेली आहे. म्हणूनच बऱ्याच गाड्यांत रेस सोडल्यावर ही हवा तोडणारा एक व्हॉल्व्ह असतो. इनटेकमधून आलेली बारीक व्हॅक्यूमची नळी त्याच्या आतला पडदा ओढून घेते. रेस सोडली की इनटेकमधला व्हॅक्यूम वाढतो, पडदा ओढला जातो आणि हवा बंद होते. ती बारीक नळी चिरली किंवा पडदा फाटला, की नको त्या वेळी हवा जात राहते आणि फटफट सुरू होते.

परीक्षा सोपी आहे. एअर फिल्टरकडून येणारी जाड नळी काढा, व्हॉल्व्हचं तोंड रबराच्या बुचाने बंद करा, फिल्टरच्या डब्याचं भोकही झाका, आणि तोच रस्ता पुन्हा फिरून या. फटफट गेली तर हवा इथूनच येत होती. आता व्हॉल्व्ह बाहेर काढा. बारीक नळीच्या तोंडाला ५० मिलीची इंजेक्शनची सिरिंज जोडा. सिरिंज न ओढता जाड तोंडातून फुंकर मारली तर हवा गेली पाहिजे. सिरिंज ओढून धरल्यावर फुंकर अडली पाहिजे, आणि सोडलेला दट्ट्या लगेच परत आत खेचला गेला पाहिजे. तो ओढलेला तिथेच राहिला तर पडदा फाटलेला आहे. व्हॉल्व्ह बदला. काही साध्या गाड्यांत असा तोडणारा व्हॉल्व्ह नसतो, फक्त एकाच दिशेने हवा सोडणारी रीडची पाती असते. तिथे पाती काजळीने उघडी राहिली आहे का बघा. फिल्टरकडच्या नळीत आतून काजळी किंवा वितळल्याची खूण दिसली तर रीड गेली.

बूच लावून फटफट गेली म्हणून ते कायमचं तसंच ठेवायचा मोह होतो. ठेवू नका. पीयूसीला धुराचे आकडे वाढतात, आणि मिश्रण खरंच पातळ असेल तर आवाज गेल्यामुळे ते लपून राहतं. इंजिन मात्र तापत राहतं.

इनटेकचं रबर

कार्बुरेटर आणि हेड यांच्यामध्ये रबराचा जोड असतो. नाशिकचा एप्रिल-मे चाळिशीला टेकतो. त्या उन्हात रोज उभी राहणारी गाडी पाच-सहा वर्षांची झाली, की या रबराला बारीक चिरा पडतात. तिथून मोजमाप नसलेली हवा आत जाते आणि आयडलचं मिश्रण पातळ होतं. लक्षण ठरलेलं: रेस सोडल्यावर इंजिनचे आरपीएम लगेच खाली न येता दोन-तीन सेकंद वरच रेंगाळतात. इंजिन आयडलला चालू ठेवून रबराभोवती आणि क्लॅम्पभोवती स्प्रेने साध्या पाण्याचा फवारा मारा. आरपीएम बदलले, आवाज क्षणभर गुदमरला, तर चीर आहे. कार्ब क्लीनरने हे जास्त ठळक दिसतं, पण तो पेट घेतो. तापलेल्या बेंड पाइपजवळ तो वापरायचा धोका पत्करू नका. पाणी पुरेसं आहे. रबरासोबत आतली गोल रिंग आणि व्हॅक्यूमवर चालणाऱ्या पेट्रोल कॉकची नळीही बघून घ्या.

आता कार्बुरेटर

वरचं सगळं घट्ट असेल आणि चोकच्या परीक्षेत मिश्रण पातळ निघालं असेल, तरच कार्बुरेटर उघडा. पहिला संशय स्लो जेटवर, म्हणजे आयडलला पेट्रोल देणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यावर. बऱ्याच गाड्यांत त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. गाडी दोन-तीन महिने उभी राहिली की पेट्रोल सुकून तिथे चिकट थर धरतो. जेट काढून सूर्याकडे धरा. पूर्ण गोल उजेड दिसला पाहिजे. तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की जेट फेकूनच द्यावा लागतो. कार्ब क्लीनर आणि कॉम्प्रेसरची हवा एवढंच वापरा. हवा मारताना आधी कार्बुरेटरमधले रबरी भाग आणि पडदे काढून ठेवा. जेटवर कोरलेला आकडा लिहून घ्या.

काही सीव्ही (व्हॅक्यूमवर चालणाऱ्या) कार्बुरेटरच्या कुशीत आणखी एक छोटा पडदा असतो, दोन स्क्रूंच्या झाकणाखाली. रेस सोडल्यावर तो स्लो जेटची थोडी हवा तोडतो आणि मिश्रण जाड करतो. फटाके वाजू नयेत एवढ्याचसाठी तो बसवलेला असतो. हा पडदा फाटला तर बाकी सगळं बरोबर असूनही फटफट थांबत नाही. या झाकणाकडे फारच कमी लोक बघतात. तुमच्या गाडीत असेल तर नक्की उघडा, पण खालची स्प्रिंग उडून जाणार नाही अशी काळजी घेऊन.

मग स्क्रू. आधी तो कोणत्या बाजूला आहे ते बघा. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा स्क्रू: आत फिरवला की मिश्रण जाड. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा: बाहेर फिरवला की जाड. हे उलटं धरून केलेली सेटिंग कधीच बसत नाही. स्क्रू हलक्या हाताने आत टेकवा, टेकेपर्यंत किती फेऱ्या झाल्या ते लिहून ठेवा, आणि पुन्हा तिथेच आणा. जोर लावून टेकवला तर टोकाला खाच पडते. इंजिन पूर्ण गरम करून आयडल १४०० च्या आसपास ठेवा. आता पाव-पाव फेरी फिरवत आयडल सर्वांत जास्त आणि सर्वांत एकसारखं कुठे होतं ते शोधा. प्रत्येक पाव फेरीनंतर दहा-पंधरा सेकंद थांबा. मग आयडलचा स्क्रू मागे घेऊन आरपीएम जागेवर आणा आणि रस्त्यावर ऐका. थोडी फटफट उरली तर आणखी पाव, फार तर अर्धी फेरी जाड करा. पेट्रोलचा स्क्रू तीन फेऱ्यांपलीकडे काढावा लागत असेल तर स्लो जेट छोटा पडतो आहे, एक आकडा मोठा टाका. एका फेरीच्या आत राहत असेल तर उलट.

इथे पेट्रोलचाही विचार करावा लागतो. शुद्ध पेट्रोलच्या १ किलोला पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला ती सुमारे १३.५ किलो पुरते, कारण इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो. म्हणजे जुने जेट तसेच ठेवून ई-२० भरलं की कार्बुरेटरची गाडी आपोआप थोडी पातळ चालते. काही वर्षांपूर्वी न फटफटणारी गाडी आता कसलाही बिघाड नसताना फटफटते, त्यामागे हेही एक कारण असू शकतं. टाकीत पावसाचं पाणी शिरलं तर इथेनॉल ते शोषून घेतं, आणि पाणी जास्त झालं की इथेनॉलसह तळाला वेगळं बसतं. पावसाळ्यात अचानक सुरू झालेल्या फटफटीला कार्बुरेटरच्या वाटीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून बघा. दोन थर दिसले तर टाकी रिकामी करून स्वच्छ करा.

हवामानाचाही हिशेब आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर आहे, म्हणजे इथली हवा कोकणापेक्षा साधारण ६ टक्के विरळ. इथे नेमकी बसवलेली कार्बुरेटरची गाडी घाट उतरून शहापूर-भिवंडीकडे गेली की दाट हवेत थोडी पातळ होते. घाटात आणि घाटाखाली जास्त फटफटते आणि परत आली की शांत होते. ही बिघाडाची खूण नाही. थंडीचंही तसंच. निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा ५-६ अंशांवर उतरतो. ती हवा उन्हाळ्यातल्या ३५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १० टक्के दाट असते. द्राक्षबागेत पहाटे जाणाऱ्यांची गाडी तेवढ्याच दिवसांत फटफटत असेल, तर स्क्रू पाव फेरी जाड करा आणि फेब्रुवारीत परत जागेवर आणा.

प्लग आणि टॅपेट

प्लगचा गॅप पुस्तकाप्रमाणे ठेवा. बहुतेक लहान इंजिनांत तो ०.६ ते ०.८ मिलिमीटर असतो. प्लगची कॅप ओढून बघा, वायर आत सैल नको. कॅपमध्ये ५ किलोओहमचा रोध असेल तर मल्टिमीटर तेवढाच दाखवायला हवा. प्लगच्या रंगावरून मिश्रण ओळखायची सवय जुनी आहे, पण सध्याच्या पेट्रोलवर रंग फिकट पडतो. एकट्या रंगावर निर्णय घेऊ नका.

एक्झॉस्टचा टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरच्या टोकाचा स्क्रू) घट्ट असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. पेटलेलं मिश्रण तसंच पाइपमध्ये सुटतं. घट्ट टॅपेटचा आवाज येत नाही, म्हणून ‘टॅपेट वाजत नाहीत’ याचा अर्थ ते बरोबर आहेत असा होत नाही. इंजिन थंड असताना, सहसा रात्रभर उभं राहिल्यावर, मॅग्नेटच्या झाकणावरची दोन्ही बुचं काढा, इंजिन फिरवून ‘टी’ खूण खिडकीतल्या खाचेसमोर आणा. दोन्ही रॉकर थोडे हलले पाहिजेत. हलत नसतील तर एक पूर्ण फेरी आणखी फिरवा. हवेवर थंड होणाऱ्या लहान गाड्यांत टॅपेटची फट सहसा ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या दरम्यान असते. ती फिलर गेजच्या पातळ पट्टीने मोजा. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकातला घ्या. गेज सरकताना किंचित अडल्यासारखी वाटली की बरोबर. लॉकनट आवळल्यावर पुन्हा मोजा, कारण आवळताना स्क्रू फिरतो. २०२१ मध्ये नवं इंजिन येण्याआधीच्या रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० ला हायड्रॉलिक टॅपेट आहेत. तिथे हे काम नाही.

टॅपेट बरोबर करूनही कॉम्प्रेशन कमी असेल आणि किक हळूहळू दाबताना सायलेन्सरमधून सुस्कारा ऐकू येत असेल, तर व्हॉल्व्हची सीट जळली आहे. हेड उतरवावं लागेल.

इंजेक्शनच्या गाड्या

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या कडक नियमांच्या) गाड्यांत रेस पूर्ण सोडली आणि आरपीएम पुरेसे असले, की ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, पेट्रोल तोडतो. पेट्रोलच नाही तर फटाका कसा? म्हणून कंपनीच्या सायलेन्सरवर इंजेक्शनची गाडी जोरात फटफटत असेल तर दुर्लक्ष करू नका. थ्रॉटल केबलला मोकळा खेळ नसेल तर थ्रॉटल पूर्ण बंद होत नाही आणि पेट्रोल तुटत नाही. हँडलच्या मुठीला २ ते ६ मिलिमीटर खेळ हवा. थ्रॉटल बॉडीत काजळी साचली तरी तेच होतं. इंजेक्टर गळत असेल तर सकाळी गाडी सुरू व्हायला त्रास आणि पेट्रोलचा वास ही लक्षणं सोबत असतात. इंजिनचा दिवा लागलेला असेल तर आधी कोड वाचून घ्या. थ्रॉटल बॉडीवरच्या रंग लावलेल्या स्टॉप स्क्रूला हात लावू नका. तो बिघडला तर ईसीयूला ‘बंद’ म्हणजे काय हेच कळत नाही.

ऑक्सिजन सेन्सरच्या आधी पाइपमध्ये गळती असेल तर आणखी एक गुंता होतो. बाहेरची हवा सेन्सरला लागते, ईसीयूला मिश्रण पातळ वाटतं आणि तो पेट्रोल वाढवतो. म्हणजे फटीमुळे हवाही आली आणि जादा पेट्रोलही आलं. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्यात जळून जातो, आणि तो या यादीतला सर्वांत महाग भाग आहे. बीएस-६ गाडीत गळती दुरुस्त करायला एक आठवडाही थांबू नका.

बाहेरचा मोकळा सायलेन्सर बसवलेल्या गाडीत दोन-चार मऊ फडफडी राहणारच. आतला आवाज दाबणारा बॅफल काढून, चावी बंद-चालू करून मुद्दाम फटाके वाजवणं मात्र थांबवा. प्रत्येक धाडीला सायलेन्सरची शिवण आणि कन्व्हर्टरची जाळी फुटते, आणि आवाजाच्या नियमभंगाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. सप्तशृंगगडाहून नांदुरीचा घाट उतरताना पेट्रोल वाचवायला चावी बंद करून गिअरमध्ये उतरणारेही नकळत हेच करतात. कार्बुरेटर तेवढा वेळ पेट्रोल सोडतच राहतो, ते सायलेन्सरमध्ये साचतं आणि खाली चावी फिरवली की स्फोट होतो. शिवाय चावी बंद असताना पुढचा दिवा, ब्रेकचा दिवा, हॉर्न काहीच चालत नाही.

दुरुस्ती झाली की पहिल्या दिवशी जिथे ऐकलं त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये, त्याच वेगाला ऐका, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. नवं पॅकिंग पहिल्या तापण्यात आणखी दबतं, म्हणून गाडी पूर्ण थंड झाल्यावर बेंड पाइपचे नट त्याच टॉर्कला पुन्हा आवळा, आणि ५०० किलोमीटरनंतर आणखी एकदा.